आईला टीव्ही कुठून दिसायचा?

ताई, नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली आणि मला धडकी भरली आहे, म्हणून लिहिते. मी पुण्याची, वय ४८. आमचं बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. बाबांनी १९८५ साली टीव्ही घेतला. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा, वाड्यातला पहिला. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. पुढे रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं, तेव्हा तर साडेनऊच्या आत सगळ्यांच्या अंघोळी उरकलेल्या, सतरंजी अंथरलेली आणि वाड्यातली पंचवीसेक माणसं दाटीवाटीनं बसलेली. चित्र हलायला लागलं की दादा कौलांवर चढून अँटेना सिंहगडाकडे, तिथल्या टीव्हीच्या मनोऱ्याकडे वळवायचा, मी खिडकीतून 'आलं, आलं, गेलं!' म्हणून ओरडायची, बाबा बटणं पिळायचे. आई आतून विचारायची, 'कुठवर आलं गं?' आम्ही सांगायचो. काय दिवस होते!

आता बाबा नाहीत. भाऊबीजेला आम्ही दादाच्या फ्लॅटवर जमतो. पंचावन्न इंची टीव्ही आहे, आणि नऊ माणसं नऊ मोबाइल घेऊन नऊ कोपऱ्यांत बसतात. गेल्या वर्षी मी ठरवलं, पूर्वीसारखं बसायचं. आठ दिवस आधी ग्रुपवर टाकलं : भाऊबीज, दुपारी तीन, 'अशी ही बनवाबनवी', सगळ्यांनी हॉलमध्ये. मोबाइल ठेवायला वेताची टोपलीसुद्धा नेली. वीस मिनिटांत भाचा उठून गेला, तो एकोणीस वर्षांचा आहे. माझी मुलगी, सोळाची, म्हणाली, 'आई, हे सगळं मी रील्समध्ये पाहिलंय.' वहिनी वडे तळत होती, ती आलीच नाही. दादा सोफ्यावर घोरायला लागला. मी तिरमिरीत टीव्ही बंद केला आणि बोलू नये ते बोलले. दादा म्हणाला, 'तू आठवणी काढायला येत नाहीस, हजेरी घ्यायला येतेस.' रात्री आई म्हणाली, 'मला त्यातलं काही आठवत नाही बाई. तुम्हालाच आठवतं.' ते जास्त लागलं. आई ७६ वर्षांची आहे. विसरायला लागली की काय अशी भीती वाटली, पण बाकी दुधाचा हिशेबसुद्धा तिला तोंडपाठ असतो.

वर्षभर दादाशी कामापुरतं बोलणं आहे. यंदा काय करू? हट्ट सोडून देऊ?

– अँटेनावाली

अँटेनावाली बाई,

हट्ट सोडू नका. टोपली सोडा.

टोपलीचं आधीच उरकते, कारण त्यात फार बोलण्यासारखं नाही. सणाला घरी आलेल्या माणसाच्या हातातून काही काढून घ्यायचंच असेल तर जड पिशवी काढून घ्यावी. फोन काढून घेतला की माणूस पडद्याकडे बघत नाही, टोपलीकडे बघतो. दादांचं वाक्य तिखट होतं, पण मीठ बरोबर पडलं होतं. तुम्हालाही ते कळलंय, नाहीतर तुम्ही ते जसंच्या तसं लिहून पाठवलं नसतं.

आता मुद्द्याचं. तुमचं पत्र वाचता वाचता मी गिरगावातल्या आमच्या चाळीत जाऊन पोचले. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, तेव्हा मी आठ वर्षांची. आमच्या मजल्यावर टीव्ही यायला आणखी चार-पाच वर्षं गेली, आणि तोही आमच्याकडे नाही, शेजारच्या बिऱ्हाडात. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी, गुरुवारी सिनेमातल्या गाण्यांचं 'छायागीत'. पण आम्ही काय फक्त तेवढ्यासाठी जात नव्हतो. 'आमची माती, आमची माणसं' हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम. भाताचं रोप आणि गवत यातला फरक न कळणारी आम्ही दहा-बारा गिरगावकर पोरं तोंडाचा आ करून खतांची माहिती ऐकायचो. दुसरं काही लागतच नव्हतं ना! एकच केंद्र, संध्याकाळचे काही तास. 'साप्ताहिकी'त पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम सांगायचे, ते वहीत उतरवून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. चुकलं की चुकलं. मध्येच 'व्यत्यय' अशी पाटी आली तरी कुणी जागचं हलायचं नाही. आम्ही त्या पाटीकडेच बघत बसायचो. उठलो तर जागा गेली.

म्हणजे एकमेकांच्या ओढीनं आपण एकत्र बसत होतो, असं काही नाही हो. चाळीच्या नळावर पहाटे पाचला बायका जमायच्या. हसायच्या, भांडायच्या, एकमेकींच्या सुनांची खबर घ्यायच्या. पण 'गेले ते नळावर एकत्र जमण्याचे दिवस' म्हणून उसासा टाकणारी बाई मला अजून भेटलेली नाही. पाणी तेवढाच वेळ यायचं म्हणून जमायच्या. टीव्हीचंही तेच. बाबांनी आणलेल्या सेटमुळे वाडा एकत्र आला, असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, वाड्यात दुसरा सेट नव्हता म्हणून आला. आता प्रत्येकाच्या हातात स्वतःचा नळ आहे आणि त्याला चोवीस तास पाणी आहे. टोपली फिरवून टंचाई आणता येत नाही.

मग तुमच्या बेतातलं काही उरतं का? उरतं. वेळ उरते. २०२०चा टाळेबंदीचा काळ आठवा. २८ मार्चपासून दूरदर्शननं तेच १९८७चं 'रामायण' पुन्हा लावलं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. आमच्याकडे त्याच मालिकेच्या डीव्हीडींचा संच कपाटात पडून होता, कुणीतरी दिलेला. वेष्टनसुद्धा काढलेलं नव्हतं. पण आमचे हे पावणेनऊला अंघोळ करून, शर्ट घालून (टाळेबंदीत! घरात!) खुर्ची पुढे ओढून बसायचे. मी एकदा म्हटलं, 'अहो, तो डबा उघडते, पुढचे चार भाग आत्ताच बघून टाका.' तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नैवेद्य उष्टा केला. 'उद्या नऊला आहे ना,' म्हणाले. त्यांना मालिका नको होती, 'उद्या नऊला' हवं होतं. तेव्हा तुमचं 'भाऊबीज, दुपारी तीन' हे अगदी बरोबर होतं. ते तसंच ठेवा. यंदा फिसकटलं तरी पुढच्या वर्षी तीनलाच.

हे सगळं खरं, पण मी तुम्हाला उत्तर लिहायला बसले ते यासाठी नाही. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, तुम्ही ते भरभर लिहून पुढे गेलात आणि मी तिथेच थांबले. 'आई आतून विचारायची, कुठवर आलं गं?'

आतून.

बाहेर सतरंजीवर पंचवीस माणसं. दिवाळीचे दिवस, म्हणजे नुसता चहाही नाही, चहाबरोबर चिवड्या-लाडवाची बशी. पंचवीस बशा कोण भरत होतं? त्या विसळून परत कोण आणत होतं? आता आई रात्री जे बोलली ते पुन्हा वाचा. तुम्हाला विस्मरणाची शंका आली. मला नाही आली. दुधाचा हिशेब तोंडपाठ असलेली बाई काही विसरलेली नाही. तिनं ते पाहिलेलंच नाही. 'तुम्हालाच आठवतं,' असं ती म्हणाली, ते अक्षरशः खरं आहे.

आता माझ्या आईचं ऐका. टीव्हीवाल्या शेजाऱ्यांच्या आणि आमच्या मध्ये फळ्यांची भिंत होती आणि आमचा ओटा त्या भिंतीला लागून. मी शेजारच्या उंबऱ्यात बसून बघायची, आई भिंतीच्या अलीकडून ऐकायची. 'रोज उठून कुणाच्या दारात काय बसायचं,' असं म्हणायची; खरं कारण कडेवरचा धाकटा आणि गॅसवरची पोळी. 'चिमणराव' ही विनोदी मालिका लागली की पोळ्या लाटता लाटता ती एकटीच हसायची. आधी भिंतीपलीकडे हशा व्हायचा, मग एक क्षण जाऊन तिचा. पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्याकडे रंगीत टीव्ही आला. एकदा कुठल्याशा कार्यक्रमात दिलीप प्रभावळकर बोलत होते. आई खाली बसून मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'हा चिमणराव.' मग वर बघितलं. हातातली जुडी तशीच धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, 'असा आहे होय! मला वाटायचं जाडा असेल.'

मी हसले. हसू ओसरल्यावर काय झालं ते सांगायला नको. इतकी वर्षं मी येता-जाता सांगत होते, 'आम्ही सगळे मिळून चिमणराव बघायचो.' त्या 'सगळ्यां'त आई होती, पण फक्त कानांपुरती.

'रामायणा'च्या बाबतीत मात्र थोडं न्यायानं बोलायला हवं. त्या मालिकेनं पुष्कळ बायकांना आठवड्यातला एक तास मिळवून दिला. देवाचं चाललंय म्हटल्यावर 'ऊठ, पाणी आण' म्हणायची कुणाची छाती नव्हती. सिनेमा बघत बसली तर आळशी, 'रामायण' बघत बसली तर पुण्यवान. आमच्या चाळीतल्या कितीतरी काकवा आयुष्यात पहिल्यांदा पाय पसरून बसल्या त्या रविवारी साडेनऊला. पण त्यातही एक मेख होती. ही सूट पाहुण्या बायकांना. ज्या घरात सेट, त्या घरची बाई यजमानीण. वाड्यातल्या बाकीच्या बायका तुमच्या सतरंजीवर निवांत बसल्या असतील. सतरंजी अंथरणारी नाही बसली.

आता गेल्या भाऊबीजेकडे या. 'वहिनी वडे तळत होती, ती आलीच नाही,' असं लिहिलंय तुम्ही, जरा तक्रारीच्या सुरात. नऊ माणसांचे वडे तीन वाजता कढईत पडायचे, तर बटाटे किती वाजता उकडले असतील? त्याआधी ओवाळणीची तयारी, जेवणं, उष्टी-खरकटी. तुम्ही म्हणालात पूर्वीसारखं करू या, आणि झालं की अगदी पूर्वीसारखं! बाहेर पडदा, आत एक बाई. आणि ती बाहेर येत नाही म्हणून बाहेरचे नाराज.

रागावू नका. मलाही हे शहाणपण वाचून आलेलं नाही. आमच्याकडे ती आतली बाई बरीच वर्षं मी होते. 'शोले' मी ज्या क्रमानं ऐकलाय त्या क्रमानं कुणी पाहिला नसेल.

तेव्हा यंदा सुरुवात आईपासून करा. दिवाळीच्या आधी, फोनवर नाही, जाऊन बसा. 'तुला काय आठवतं?' असं विचारू नका, तो प्रश्न तिनं गेल्या वर्षी निकालात काढलाय. 'तू आतून काय काय ऐकायचीस?' असं विचारा. आणि मग, 'बघायचं होतं आणि राहून गेलं, असं काय?' उत्तर चमत्कारिक येईल, तयारी ठेवा. माझ्या आईला 'गजरा' हा विनोदी तुकड्यांचा कार्यक्रम बघायचा होता. का, तर त्यात कधी कधी कुणीच काही बोलत नसे आणि तरी शेजारी हशा पिकायचा. तेव्हा नेमकं काय चाललेलं असायचं, हे कोडं तिनं कैक वर्षं मनात ठेवलं होतं. मी विचारलं तेव्हा यूट्यूब नव्हतं. आता दूरदर्शननं स्वतःच जुन्यातलं बरंच काही तिथे टाकलंय. आई जे नाव घेईल ते शोधायचं काम मुलीकडे द्या. आजीला शेजारी बसवून, फोन हातात घेऊन. तुम्ही दिवसभर शोधलंत तरी सापडणार नाही ते ती पाच मिनिटांत काढेल.

भाऊबीजेला तीन वाजता पहिलं ते लावायचं. कीर्तन असेल, नाटकाचा तुकडा असेल, एखाद्या मालिकेचा भाग असेल. कंटाळवाणं निघालं तरी अर्धा तास काढा. आईची खुर्ची मधोमध, आणि तिच्या मागे स्वयंपाकघराचं दार. पुढे नाही, मागे. नाहीतर तिचं लक्ष तिकडेच जाईल, या पिढीच्या बायकांचं मी ओळखून आहे.

मग 'बनवाबनवी'. सिनेमा बदलू नका, निवड उत्तम आहे. फक्त पहिल्यापासून लावू नका.

गंमत करत नाही. तो १९८८ सालचा सिनेमा मराठी घरांत इतका मुरला, तो काही सगळ्यांनी थिएटरात बसून अथपासून इतिपर्यंत पाहिला म्हणून नाही. सुट्टीच्या दुपारी कुठल्यातरी चॅनलवर तो लागलेला असायचा आणि आपण मध्येच सापडायचो. कुणी बायकांच्या सोंगाला येऊन बसला, कुणी घरमालकिणीच्या प्रसंगाला उठून गेला. सुरुवात कुणालाच धड आठवत नाही आणि कुणाचं अडतही नाही. पहिल्या पाटीपासून लावला की त्याचा पेपर होतो. तीन तास, जागा सोडायची नाही. मधूनच लावा, 'अरे, हा लागलाय की!' असं म्हणत. खोटं बोलावं लागेल, पण सिनेमाचं नाव लक्षात घेता तेवढं चालून जावं. आणि जुनं ते अस्सल वगैरे मनात असेल तर एक सांगते, ही गोष्टसुद्धा आधीची आहे. हृषीकेश मुखर्जींनी १९६६ साली 'बीवी और मकान' काढला, त्यातली. सचिन पिळगावकरांनी ती मराठी मातीत लावली आणि मूळ झाडापेक्षा कलमाला फळं जास्त धरली.

म्हणूनच मुलीचं 'रील्समध्ये पाहिलंय' मला मुळीच लागलं नाही. तिनं तुकडे पाहिलेत. आपणही तुकडेच पाहिले होते. तिला बहुधा त्यातले चार संवाद तुमच्यापेक्षा बिनचूक येत असतील. तुम्ही तिला गप्प केलंत की तिनं म्हणून दाखवावेत म्हणून थांबलात, हे तुमच्या पत्रात नाही. पण माझा अंदाज आहे.

आणखी एक खोच आहे, ती माझ्या बरीच उशिरा लक्षात आली. पूर्वी बोलणं व्हायचं कधी? सिनेमा चालू असताना नाहीच, तेव्हा बोललं की धपाटा बसायचा. बोलणं व्हायचं जाहिरातींत, बातम्यांत, व्यत्ययात. तेव्हा कुणीतरी पाणी प्यायला उठायचं, कुणाला तरी मावशीच्या लग्नातलं काहीतरी आठवायचं. आता फोनवरून टीव्हीवर सिनेमा लावला की सलग वाहत राहतो. ना बातम्या, ना बिघाड. नऊ माणसं तीन तास एकाच दिशेला तोंड करून गप्प बसली, तर त्यांना एकमेकांची गरज काय? ते एकेकट्यानंही जमतं. तेव्हा मधे मधे थांबवा. भाच्याला एक पुठ्ठा आणि जाड स्केचपेन द्या आणि 'व्यत्यय' अशी पाटी करायला सांगा. हवी तेव्हा त्यानं ती पडद्यापुढे धरायची आणि सिनेमा बंद करायचा. एकोणीस वर्षांच्या मुलाला अख्ख्या घराचा टीव्ही बंद करायचा अधिकार मिळाला तर तो इतक्यात उठून जाणार नाही. गेला तरी जाऊ द्या. तुमच्या वाड्यातली पोरं मध्येच पळून अंगणात क्रिकेट खेळत नव्हती? बघा, आठवून सांगा.

दादांच्या घोरण्याचं मात्र मला काही वावगं वाटलं नाही. सणाचं जेवण झालंय, बहीण शेजारी बसली आहे, ओळखीचा सिनेमा चाललाय आणि डोळा लागतोय. मी याला हजेरीच म्हणते.

स्वयंपाकघराचं शेवटी लिहितेय, पण खरं तर सगळं त्याच्यावर अडलंय. तीन ते सहा गॅस पेटणार नाही. हे ग्रुपवर टाकू नका, तिथे ते पुन्हा फर्मान वाटेल. वहिनींना एकटीला फोन करा आणि 'मागच्या वर्षी मी तुझी दुपार खाल्ली' एवढं साधं सांगून टाका. वडे बाहेरून आणा, किंवा नकाच आणू. डबे भरून फराळ पडलेला असतो आणि तो तळून-भाजून आठ दिवस आधी करून ठेवायचा असतो तो कशासाठी? सणाच्या दिवशी तीन वाजता कुणाला कढईपुढे उभं राहावं लागू नये म्हणूनच ना! डबे हॉलमध्ये आणून ठेवा, झाकणं काढून. ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यावं. बश्या नकोत, बश्या आल्या की विसळणं आलं. आणि जमलं तर वहिनींना विचारा, त्यांच्या माहेरी टीव्ही कुठे ठेवलेला होता. इतकी वर्षं तुम्ही भाऊबीजेला तुमच्या वाड्याच्या गोष्टी सांगताय. त्यांच्या घरचं कुणी कधी विचारलंय का?

बाबांबद्दल तुम्ही तीन शब्द लिहिलेत. 'आता बाबा नाहीत.' मी त्यात बोट घालणार नाही. पण तुमच्याच पत्रातला एक प्रसंग तुमच्यापुढे धरते. बाबा टीव्हीशी, तोंड सेटच्या पाठीमागे. दादा कौलांवर, तोंड सिंहगडाकडे. तुम्ही खिडकीत, निम्म्या आत निम्म्या बाहेर. तिघांपैकी एकालाही पडदा धड दिसत नव्हता. पत्रातली सगळ्यात जिवंत ओळ तीच आहे, आणि सही करताना तुम्हाला नावही तिथलंच सुचलं. (खरं तर अँटेना दादांच्या हातात होती. तुम्ही नुसत्या ओरडत होतात. दादांना हे वाक्य दाखवायला माझी हरकत नाही.)

तो शटरचा टीव्ही पुढे कुठे गेला, हे त्यांना विचारायला फोन करा. भंगारात गेला, की कुणी त्याच्या खोक्याचं कपाट केलं? आमच्या शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या खोक्यात पुढे गणपतीचे दागिने ठेवायचे. वर्षभरानंतरच्या पहिल्या बिनकामाच्या फोनला एवढं निमित्त पुरे आहे. माफीबिफी मागायची असेल तर ती फोनच्या शेवटी, दोन वाक्यांत. लांबवू नका, पुरुषांना अवघडल्यासारखं होतं आणि मग ते हवापाण्यावर येतात.

चहा तीनच्या आधी करून थर्मासात भरून ठेवा. नऊ माणसांना एक पुरत नाही, दुसरा शेजारून मागून आणा.